अनुभवी पॅरामेडिक आणि नवे प्रथम प्रतिसादक : आपत्कालीन सेवेतील विद्या एका हातातून दुसऱ्या हातात कशी जाते

हा पाठ कोणत्याही शाखेच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी आहे. वैद्यकशास्त्राचे पूर्वज्ञान लागत नाही.

या पाठात आपण पुढील मुद्दे पाहणार आहोत :
१) प्रथम प्रतिसादक, ईएमटी आणि पॅरामेडिक म्हणजे कोण
२) पहिल्या काही मिनिटांचे गणित
३) या व्यवसायाचा आणि त्याच्या शिक्षणाचा थोडक्यात इतिहास
४) अनुभवी माणूस नवख्याला नेमके काय आणि कसे शिकवतो
५) वाईट प्रसंगानंतर नवख्याला कसा आधार द्यावा
६) अनुभवाच्या मर्यादा आणि आपली जबाबदारी

१. एक प्रसंग

मी चंदीगडलगतच्या मुल्लानपूर भागात राहतो आणि अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. काही वर्षांपूर्वी कार्यशाळेत पत्रा कापताना एका विद्यार्थ्याचा हात मनगटाच्या वर खोल कापला गेला. आम्ही शिक्षक मंडळी धावलो. कोणीतरी रुमाल दाबला. पण "रक्त थांबलं का?" हे पाहण्यासाठी आम्ही तो दर अर्ध्या मिनिटाला उचलत होतो. त्या उचलण्यानेच रक्त पुन्हा वाहत होते, हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आले नाही. त्यात मीही होतो.

रुग्णवाहिकेतून दोघे उतरले. एक पन्नाशीकडे झुकलेला, दुसरा विशी-बाविशीचा. मोठा पुढे येईल असे मला वाटले. त्याने हातमोजे चढवले आणि तो एक पाऊल मागे उभा राहिला. तरुणाने आधी यंत्राचा मुख्य स्विच बंद आहे का ते विचारले. मग रुमाल न उचलता त्यावरच जाड गॉज ठेवून दोन्ही हातांनी दाबून धरले. रक्त आटोक्यात आल्यावर पट्टी आवळून बांधली आणि तो उठू लागला. तेव्हा मोठा पहिल्यांदा बोलला, "बोटं बघ." तरुण पुन्हा बसला. विद्यार्थ्याला बोटे हलवायला सांगितली, स्पर्श कळतो का ते विचारले, नखे दाबून त्यांचा रंग परत येतो का ते पाहिले. पट्टी जास्त आवळली गेली नाही ना आणि नसांना इजा नाही ना, हे त्यातून कळते.

संपूर्ण वेळात मोठ्या माणसाने उच्चारलेले शब्द एवढेच. हातमोजे घातलेले, पण हात मागे. मी वीस वर्षे शिकवतो आहे, तरी प्रात्यक्षिकाच्या तासाला विद्यार्थी अडखळला की त्याच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर काढून घेण्याची माझी सवय गेलेली नव्हती. हा पाठ त्या दिवसापासून माझ्या डोक्यात आहे.

२. काही संज्ञा

*प्रथम प्रतिसादक* : घटनास्थळी सर्वांत आधी पोहोचून मदत सुरू करणारी प्रशिक्षित व्यक्ती. ती पोलीस, अग्निशामक, शिक्षक, रिक्षाचालक किंवा विद्यार्थीही असू शकते.

*ईएमटी* : रुग्णवाहिकेवरील आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ. रक्तस्राव थांबवणे, श्वासमार्ग मोकळा ठेवणे, प्राणवायू देणे, सीपीआर, हाड मोडल्यास आधार बांधणे ही त्याची मुख्य कामे.

*पॅरामेडिक* : ईएमटीपेक्षा जास्त प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती. शिरेतून औषध देणे, हृदयाचा आलेख वाचणे, श्वासनलिकेत नळी घालणे अशा प्रगत गोष्टी ती ठरलेल्या वैद्यकीय नियमावलीनुसार करते.

*बीएलएस आणि एएलएस* : रुग्णवाहिकेचे दोन मुख्य प्रकार. पहिल्यात मूलभूत जीवनरक्षणाची साधने असतात, दुसऱ्यात प्रगत. भारतात रुग्णवाहिकेची रचना एआयएस-१२५ या मानकाने ठरते. आपल्याकडे १०८ च्या चालकाला 'पायलट' म्हणतात, आणि तोही पथकाचा प्रशिक्षित सदस्य असतो.

३. पहिल्या मिनिटांचे गणित

पंजाबात जानेवारी २०२४ मध्ये 'सडक सुरक्षा फोर्स' सुरू झाले. त्याची १४४ वाहने राष्ट्रीय व राज्य महामार्गांवर साधारण ३० किलोमीटरच्या अंतराने उभी असतात. त्यांवरील पोलिसांना प्रथमोपचाराचे प्रशिक्षण दिलेले असते. म्हणजे हे पोलीस शब्दशः प्रथम प्रतिसादक आहेत.

आता एक सोपे उदाहरण सोडवू. वाहन आपल्या ३० किलोमीटरच्या टप्प्याच्या मध्यभागी उभे आहे असे धरा. सर्वांत दूरची घटना १५ किलोमीटरवर असेल. सरासरी वेग ताशी ६० किलोमीटर धरला तर पोहोचायला १५ मिनिटे लागतील, ताशी ९० धरला तर १० मिनिटे. यात फोन करण्याचा आणि जागा शोधण्याचा वेळ धरलेला नाही.

दुसऱ्या बाजूला शरीराचे घड्याळ आहे. हृदयक्रिया अचानक बंद पडली आणि सीपीआर किंवा विजेचा झटका यांपैकी काहीच मिळाले नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते. दहा मिनिटांनंतर फारसे काही उरत नाही. मोठ्या धमनीतून रक्त वाहत असेल तर हाताशी काही मिनिटेच असतात.

यातून दोन निष्कर्ष निघतात. एक, फक्त वाहने वाढवून प्रश्न सुटत नाही. आधीच तिथे असलेल्या माणसाच्या हातांना काहीतरी यायला हवे. दोन, वाहन पोहोचल्यावर त्यातून उतरणाऱ्या माणसाकडे आठवण्याचा वेळ नसतो. त्याची कृती हातात भिनलेली असावी लागते. ती पुस्तक वाचून भिनत नाही, कोणीतरी सोबत राहून शिकवावी लागते.

४. थोडा इतिहास

१९६० च्या दशकात अमेरिकेतील अनेक शहरांत रुग्णाला पोलिसांच्या गाडीतून किंवा अंत्यसंस्कार करणाऱ्यांच्या गाडीतून रुग्णालयात नेत असत. वाटेत उपचार नसत. १९६७ मध्ये पिट्सबर्ग शहरातील हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीय वस्तीत 'फ्रीडम हाऊस' रुग्णवाहिका सेवेची उभारणी सुरू झाली. सीपीआरच्या जनकांपैकी एक मानले जाणारे डॉ. पीटर सफार यांनी त्या वस्तीतील बेरोजगार तरुणांसाठी सुमारे ३०० तासांचा अभ्यासक्रम आखला. पुढे डॉ. नॅन्सी कॅरोलिन या सेवेच्या वैद्यकीय संचालक झाल्या. त्या स्वतः रुग्णवाहिकेतून फिरत आणि प्रत्येक कॉलनंतर पथकाबरोबर बसून चर्चा करत. या कामातून तयार झालेला अभ्यासक्रम अमेरिकेतील पॅरामेडिक प्रशिक्षणाचा पाया ठरला.

१९७५ मध्ये शहराने स्वतःची सेवा सुरू केली आणि फ्रीडम हाऊस बंद पडले. जुने कर्मचारी नव्या सेवेत आले खरे, पण अनेकांना बाजूला सारले गेले आणि ते निघून गेले. त्यांचा अनुभवही त्यांच्याबरोबर गेला. जे टिकले त्यांच्यापैकी जॉन मून पुढे पिट्सबर्गच्या सेवेचे सहायक प्रमुख झाले आणि त्यांनी वस्तीतील तरुणांना या पेशात आणण्यासाठी प्रयत्न केले. त्यांना आपले मार्गदर्शक मानणाऱ्या अमेरा गिलख्रिस्ट २०२३ मध्ये त्याच सेवेच्या प्रमुख झाल्या. एक अनुभवी माणूस टिकला तर काय होते आणि दहा निघून गेले तर काय हरवते, या दोन्ही गोष्टी या एकाच उदाहरणात दिसतात.

भारतात १०८ क्रमांकाची सेवा १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबादमध्ये ईएमआरआय संस्थेने सुरू केली. त्या वेळी देशात प्रशिक्षित पॅरामेडिक जवळजवळ नव्हते. त्यामुळे त्यांना शिकवायला अनुभवी पॅरामेडिकही नव्हते. २००७ मध्ये या संस्थेने अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आपत्कालीन वैद्यक विभागाबरोबर दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. यात केवळ विद्यार्थी नव्हे, भारतीय प्रशिक्षकही तयार करण्यावर भर होता. परदेशी डॉक्टर कायम येत राहणार नव्हते. 'शिकवणाऱ्याला आधी शिकवा' हे तत्त्व इथे स्पष्ट दिसते.

महाराष्ट्रात १०८ सेवा जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाली. ९३७ रुग्णवाहिका, त्यांत २३३ एएलएस आणि ७०४ बीएलएस अशी तिची रचना होती. महाराष्ट्राचे वेगळेपण असे की रुग्णवाहिकेवर डॉक्टर असतो, आणि यांतील अनेक जण आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचे पदवीधर आहेत. पदवी हातात होती, पण खड्ड्यांतून धावणाऱ्या गाडीत, मोबाइलच्या उजेडात, नातेवाइकांच्या गराड्यात काम करायचे शिक्षण पदवीत नव्हते. ते त्यांना वेगळ्या प्रशिक्षणातून आणि जुन्या सहकाऱ्यांकडून मिळवावे लागले. पदवी आणि रस्ता यांच्यातील ही दरी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना अनोळखी वाटणार नाही.

५. अनुभवी माणूस काय शिकवतो

*(अ) हाताची सवय.* सीपीआरमध्ये छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबायची आणि प्रत्येक वेळी पूर्ण वर येऊ द्यायची असते. आकडे पाठ करायला पाच मिनिटे लागतात. हाताला ते कळायला डमीवर शेकडो दाब द्यावे लागतात. नवखे लोक घाईत वेग वाढवतात आणि खोली कमी करतात. शिवाय एक माणूस थकला की दाब उथळ होतो, आणि ते त्याला स्वतःला कळत नाही. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा.

हे शिकवण्यासाठी शल्यचिकित्सक रॉडनी पेटन यांनी १९९८ मध्ये मांडलेली चार टप्प्यांची पद्धत जगभर वापरली जाते. पहिल्यांदा शिक्षक न बोलता पूर्ण कृती नेहमीच्या वेगाने करतो. दुसऱ्यांदा तो प्रत्येक पायरी समजावत करतो. तिसऱ्यांदा विद्यार्थी तोंडाने पायऱ्या सांगतो आणि शिक्षक त्याप्रमाणे करतो. चौथ्यांदा विद्यार्थी स्वतः करतो. तिसरा टप्पा सर्वांत उपयोगी आहे, कारण विद्यार्थ्याच्या डोक्यातली चूक रुग्णापर्यंत जाण्याआधीच कानावर पडते.

*(आ) क्रम.* आधी जागा सुरक्षित आहे का, मग जोरात वाहणारे रक्त, मग श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, शुद्ध, आणि शेवटी अंगावरच्या इतर जखमा. नवख्याची नजर सर्वांत भयंकर दिसणाऱ्या जखमेवर खिळते. वाकडा झालेला पाय भयानक दिसतो, पण मरण त्याने येईलच असे नाही. अनुभवी माणूस नवख्याला पुन्हा पुन्हा क्रमावर आणतो.

*(इ) वाचणे.* जिथे एकापेक्षा जास्त जखमी असतात तिथे ओरडणाऱ्याकडे सगळे धावतात. ओरडणाऱ्याचा श्वास चालू आहे हे त्याच्या ओरडण्यावरूनच कळते. म्हणून गप्प पडलेल्याकडे आधी पाहा, असे जुने लोक सांगतात. वाकलेले स्टिअरिंग दिसले की छातीला मार बसल्याची शंका घ्यायची. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी तडक दिसली की डोके आणि मान यांची.

*(ई) भाषा.* रुग्ण पुस्तकातल्या शब्दांत बोलत नाही. "गॅस झालाय", "जीव घाबरा होतोय", "हात जड झालाय" असे तो म्हणतो. पन्नाशीचा माणूस घामाने निथळत "फक्त गॅस आहे" म्हणत असेल, तर ती हृदयविकाराची तक्रार असू शकते. हे कान तयार व्हायला वेळ लागतो. उलट बाजूने, रुग्णालयात पोहोचल्यावर डॉक्टरला अर्ध्या मिनिटात चार गोष्टी सांगता आल्या पाहिजेत : अपघात कसा झाला, काय इजा दिसतात, नाडी-श्वास-शुद्धीची स्थिती काय, आणि आपण काय उपचार दिले.

६. आधार केव्हा काढायचा

बांधकामाचे उदाहरण घेऊ. स्लॅब ओतल्यावर सेंटरिंगचे टेकू लगेच काढत नाहीत. आयएस ४५६ : २००० नुसार, साधे पोर्टलँड सिमेंट आणि तापमान १५ अंश सेल्सियसच्या खाली नसेल, तर ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या स्लॅबचे किमान १४ दिवस ठेवावे लागतात. लवकर काढले तर स्लॅब कोसळेल. कधीच काढले नाहीत, तर त्या स्लॅबने भार पेलला का हे कळणारच नाही.

नवख्या ईएमटीचेही तसेच आहे. पहिल्या टप्प्यात तो पाहतो आणि साहित्य देतो. दुसऱ्यात एकेक काम करतो आणि अनुभवी माणूस शेजारी असतो. तिसऱ्यात तो पूर्ण प्रसंग हाताळतो आणि अनुभवी माणूस मागे उभा राहतो. आमच्या कार्यशाळेत मी पाहिला तो हा तिसरा टप्पा. हातमोजे घातलेले असणे हा त्याचा महत्त्वाचा भाग होता. रुग्णाची सुरक्षितता पणाला लावून शिकवायचे नसते. गरज पडली तर दोन सेकंदांत पुढे येता यायला हवे. केव्हा पुढे यायचे, याचा निकष सोपा आहे : चूक रुग्णाला इजा करणारी असेल तर लगेच, फक्त हळूपणा किंवा अवघडलेपण असेल तर थांबायचे.

७. वाईट कॉलनंतर

या कामात सर्व काही बरोबर करूनही माणूस दगावतो. पहिल्यांदा हे घडते तेव्हा नवखा स्वतःला विचारतो, "मी अजून काय करायला हवे होते?" याचे उत्तर त्याला एकट्याला शोधायला लावले, तर काही जण आतून बंद होतात आणि काही नोकरी सोडतात.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. पहिली, *कामाची उजळणी.* गाडी धुताना, साहित्य भरताना दहा मिनिटे बोलायचे : काय घडले, काय बरोबर झाले, पुढच्या वेळी काय बदलू. ही उजळणी उपयोगी आहे. दुसरी, *मनाचा आधार.* १९८० च्या दशकात अशी पद्धत रूढ झाली होती की, भीषण घटनेनंतर सर्वांना एका बैठकीत बसवून अनुभव आणि भावना बोलायला लावायच्या. नंतरच्या अभ्यासांच्या आढाव्यांत दिसले की अशा एकाच सक्तीच्या बैठकीने पुढचा मानसिक आघात टळत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही तिची शिफारस करत नाही. तिच्याऐवजी मानसिक प्रथमोपचार सुचवला जातो : माणसाला सुरक्षित वाटू द्या, चहा-पाणी द्या, बोलायचे असेल तर ऐका, नसेल तर भाग पाडू नका, घरच्यांशी जोडून द्या, आणि काही दिवसांनी पुन्हा चौकशी करा.

झोप उडणे, चिडचिड, दारू वाढणे, ठरावीक रस्ता टाळणे अशा खुणा आठवडे टिकल्या तर तज्ज्ञाकडे पाठवायला हवे. आणि या खुणा सर्वांत आधी दिसतात त्या गाडीत शेजारी बसणाऱ्याला. "मलाही असे झाले होते" हे वाक्य वीस वर्षे गाडीवर काढलेल्या माणसाच्या तोंडून येते, तेव्हा त्याला वेगळे वजन असते.

८. अनुभवाच्या मर्यादा

अनुभव नेहमीच बरोबर असतो असे समजू नका. २००५ मध्ये सीपीआरमधील दाब आणि श्वास यांचे प्रमाण १५ : २ वरून ३० : २ झाले. २०१० मध्ये आधी श्वासमार्ग हा क्रम बदलून आधी छातीवरील दाब असा झाला. ज्यांनी जुने प्रमाण शेकडो वेळा वापरले होते त्यांना ते विसरावे लागले. नवख्याला विसरण्यासारखे काही नसते. या बाबतीत तोच पुढे असू शकतो. म्हणून चांगला मार्गदर्शक "आम्ही असेच करत आलो" यावर थांबत नाही. तसेच सीपीआरचे कौशल्य सराव नसेल तर काही महिन्यांतच घसरते. त्यामुळे वर्षातून एक मोठे शिबिर घेण्यापेक्षा दर एक-दोन महिन्यांनी थोडा वेळ सराव करणे बरे. हा नियम अनुभवी माणसालाही लागू आहे.

दुसरी अडचण व्यवस्थेची. आपल्याकडे अनेक ठिकाणी ही सेवा कंत्राटावर चालते. दहा वर्षे गाडीवर काढलेल्या ईएमटीला वरचे पद नसेल, शिकवण्याचा वेळ कामाचा वेळ म्हणून मोजला जात नसेल, तर तो दुसरी नोकरी शोधतो. २०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ (पॅरामेडिक) या व्यवसायाला अधिकृत यादीत स्थान दिले. हे पहिले पाऊल आहे. 'प्रशिक्षक पॅरामेडिक' हे वेगळे पद, त्यासाठी वेगळे वेतन आणि रुग्णवाहिकेवर राखून ठेवलेला शिकवण्याचा वेळ मिळाला, तर फ्रीडम हाऊस बंद पडताना झाली तशी गळती आपल्याकडे थांबू शकेल.

९. आपण काय करू शकतो

तुम्ही पॅरामेडिक होणार नसाल, तरी कोणत्या ना कोणत्या अपघाताच्या ठिकाणी तुम्ही पहिले असाल. कायदा तुमच्या बाजूने आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १३४-अ नुसार, सद्हेतूने जखमीला मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी दायित्व येत नाही. ११२ आणि १०८ हे क्रमांक लक्षात ठेवा, राष्ट्रीय महामार्गावर १०३३.

आमच्या विभागात आता प्रत्येक नव्या तुकडीसाठी कार्यशाळेच्या पहिल्या आठवड्यात दोन तास राखलेले असतात : मुख्य स्विच कुठे आहे, जखमेवरचे कापड न उचलता कसे दाबायचे, आणि डमीवर फक्त छातीचे दाब कसे द्यायचे. दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी पहिल्या वर्षाला शिकवतात. मी मागे उभा असतो. स्क्रू-ड्रायव्हर काढून घेण्याची जुनी सवय अधूनमधून हात पुढे करते, तेव्हा मी हात पाठीमागे बांधतो.

सारांश

- वाहन पोहोचण्याचा वेळ आणि शरीराचा वेळ यांत अंतर आहे. ते घटनास्थळी असलेल्या प्रशिक्षित हातांनीच भरून निघते.
- ही विद्या हात, क्रम, नजर आणि भाषा या चार वाटांनी अनुभवी माणसाकडून नवख्याकडे जाते.
- आधार टप्प्याटप्प्याने काढायचा, पण रुग्णाच्या सुरक्षिततेची किंमत देऊन नव्हे.
- कामाची उजळणी आणि मनाचा आधार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.
- अनुभवी माणसालाही नवे शिकावे लागते, आणि त्याला टिकवणे ही व्यवस्थेची जबाबदारी आहे.

स्वाध्याय

१) वाहने २० किलोमीटर अंतरावर उभी असतील आणि सरासरी वेग ताशी ५० किलोमीटर असेल, तर सर्वांत दूरच्या घटनेपर्यंत पोहोचायला किती वेळ लागेल?
२) पेटन यांच्या चार टप्प्यांनी तुमच्या शाखेतील एखादे प्रात्यक्षिक कसे शिकवाल ते लिहा.
३) तुमच्या महाविद्यालयातील एखादी प्रयोगशाळा निवडा. तिथे अपघात झाला तर पहिल्या तीन मिनिटांत कोण काय करेल? ज्यांना माहीत नाही त्यांची यादी करा, आणि त्यांना कोण शिकवेल तेही लिहा.